कात्रणांचे काय करावे? वाकळ, दुपटी आणि ठिगळकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते. कात्रणांची दोन पोती साठली असून त्यांत रुबिया, अस्तर, खण, सॅटिन, जॉर्जेट असे सगळेच आहे. रंगांनुसार गठ्ठे करून मी चौकोन जोडायला घेतले, परंतु जोडलेला भाग सपाट न राहता एका बाजूला ओढला जातो आणि मध्येच फुगतो. मशीन व्यवस्थित चालते. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : शिलाईत काही चुकत नसावे, गठ्ठे करण्याची रीत बदलावी लागेल. रंगाचा विचार अगदी शेवटी करायचा असतो. त्याआधी धागा कोणता, कापड किती जाड आणि तुकड्याची वीण कोणत्या दिशेने आहे, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात, कारण सुती रुबियाशेजारी सॅटिन जोडले की पहिल्या धुण्यात एक आटते आणि दुसरे तसेच राहते, मग कितीही सरळ टीप मारलेली असली तरी शिवण चुणते.

धागा ओळखता येत नसेल, तर कापडाच्या कडेचे चार-पाच दोरे ओढून चिमट्यात धरावेत आणि पाण्याने भरलेल्या ताटलीवर, निरांजनाच्या ज्योतीत जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. मिश्र कापडात राखही मिळते आणि मणीही. असे कापड सुती गठ्ठ्यात घालू नये. सुती गठ्ठा तयार झाला की तो कोमट पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. ब्लाऊजला लावण्याआधी अस्तर आपण भिजवतो ते ज्या कारणासाठी, तेच कारण इथेही आहे. अगदी बारीक तुकडे भिजवताना जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे, म्हणजे दोरे सुटून गुंता होत नाही.

आता विणीची दिशा. तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून पाहिला, तर उभ्या धाग्यात तो जवळजवळ ताणत नाही, आडव्यात किंचित ताणतो आणि तिरका ओढला की चांगलाच लांबतो. ब्लाऊजच्या कटिंगमधून उरणारे बहुतेक तुकडे गळ्याचे, मुंढ्याचे आणि बाहीच्या उताराचे असतात आणि त्यांची निदान एक कड उरेब, म्हणजे विणीला तिरकी कापलेली असते. ती कड तशीच शिवणीत घेतली, की मशीनच्या दाताखाली ती लांबते आणि चौकोन फुगतो. म्हणून गळ्याचा अर्धगोल तुकडा हातात आला की त्याच्या आकाराला भुलू नये. त्यात उभ्या-आडव्या धाग्याला धरून बसेल असा मोठ्यात मोठा चौकोन आखून घ्यावा आणि उरलेले बाजूला टाकावे.

मापे मात्र आधीच ठरवून घ्यावीत, आणि ती एकमेकांत बसणारी असावीत. शिवणीसाठी सगळीकडे पाव इंच धरल्यास साडेसहा इंचांचा कापलेला चौकोन शिवल्यावर सहा इंचांचा होतो. साडेतीन इंचांचे चार तुकडे जोडले की तेच माप मिळते. आणि अडीच इंच रुंद, साडेसहा इंच लांब अशा तीन पट्ट्या जोडल्या तरीही तेच. त्यामुळे मोठे, लहान आणि लांबट तुकडे एकाच वाकळीत कुठेही बसवता येतात. फर्मा पुठ्ठ्याचा केल्यास त्याचे कोपरे लवकर झिजतात, म्हणून तो जुन्या एक्सरेच्या फिल्मचा करावा. त्यातून कापडाची नक्षीही दिसते.

सॅटिन, जॉर्जेट आणि नेट अंथरुणात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते घसरतात, उसवतात आणि अंगाला गारही लागतात. खणाचा मोह मी समजू शकते, पण खणाच्या कडा फार सुटतात आणि हल्लीच्या पुष्कळशा खणांत कृत्रिम धागा असतो, तेव्हा त्याच्या मागे पातळ सुती अस्तर टाचून, शिवणीला अर्धा इंच धरून त्याचे उशांचे अभ्रे किंवा बटवे करावेत.

आणि दोन पोत्यांचे दडपण घेऊ नये. साठ बाय नव्वद इंचांच्या एका वाकळीच्या वरच्या थराला सहा इंची १५० चौकोन लागतात आणि पातळ सुती कापडाचे असले, तर त्यांचे वजन जेमतेम अर्धा किलो भरते. पोत्यातला सुती भाग निवडून झाल्यावर बाकीचे देऊन टाकलेत, तरी पुढची काही वर्षे तुम्हाला तुकडे कमी पडणार नाहीत.

प्रश्न : इंच-दीड इंचाच्या पट्ट्या आणि त्याहून बारीक तुकडे टाकवत नाहीत. त्यांचा काही उपयोग आहे का, की ते उशीत भरावेत?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : उशीत भरू नयेत. चिंध्यांची उशी महिन्याभरात गोळ्यागोळ्यांची होते आणि धुतली तर आतून वाळत नाही. बारीक चिंध्या भरायच्याच असतील, तर टाचण्या खोचायच्या गादीत किंवा दाराखालून येणारा वारा अडवणाऱ्या लांबट लोडात भराव्यात.

पट्ट्यांसाठी मात्र फार चांगली युक्ती आहे आणि तिचे साहित्य तुमच्या गावात सहज मिळते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून साध्या सुती कापडाची तिथे कधी वाण पडलेली नाही. मांजरपाट किंवा तसेच एखादे साधे कोरे कापड आणून, भिजवून, त्याचे सात इंचांचे चौकोन कापावेत. हा झाला पाया. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी अशी पहिली पट्टी सुलट बाजू वर ठेवून मांडावी, दुसरी पट्टी तिच्यावर पालथी ठेवून एका कडेने दोन्हींसह पायावर टीप मारावी, दुसरी पट्टी उलगडून नखाने किंवा इस्त्रीने दाबावी, मग तिसरी. मधल्या पट्टीपासून दोन्ही कोपऱ्यांकडे असे सरकत गेले की चौकोन भरतो. शेवटी तो पालथा घालून साडेसहा इंचांवर छाटायचा. इथे पट्टी उरेब असली तरी चालते, कारण ताण पाया सोसतो. वरच्या उत्तरात बाजूला टाकायला सांगितलेले गळ्याचे आणि मुंढ्याचे उरलेले तुकडे इथेच कामी येतात. असे चार चौकोन पट्ट्यांची टोके मध्याकडे वळवून जोडले की आपोआप फुलीची नक्षी उमटते.

पायाचे कापड टाळून हलके काम करायचे असेल, तर कापडाऐवजी कागद घेता येतो. टाका बारीक ठेवावा, म्हणजे नंतर कागद शिवणीवरून सहज फाटून निघतो. वर्तमानपत्र मात्र घेऊ नये. इस्त्रीखाली त्याची शाई फिक्या कापडाला लागते. मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पाने उत्तम.

प्रश्न : आजीची तीन इरकल लुगडी घरात आहेत. नेसण्यासारखी राहिलेली नाहीत. त्यांची हाताने शिवलेली, जुन्या पद्धतीची वाकळ करावी असे मनात आहे. लुगडी कापावीत का, आणि टाके मध्यापासून घालावेत की कडेपासून?
— एक वाचक, कागल

उत्तर : कापावीत. ट्रंकेत घडीवर घडी राहिली, तर ती घडीवरच विरतील.

नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास असते. तिचे आडवे चार भाग केले की दोन-दोन मीटरचे चार तुकडे मिळतात आणि दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एका माणसाला ऐसपैस पुरेल असा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर. दोन लुगड्यांची चार थरांची वाकळ कोल्हापूरच्या थंडीला पुरते आणि तिसऱ्या लुगड्याचा बळकट भाग ठिगळांसाठी राखता येतो. कापण्याआधी प्रत्येक लुगडे खिडकीसमोर उजेडात धरून पाहावे. जिथे वीण विरळ दिसते, तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलके ताणावे. कापड चरकले तर तो भाग आतल्या थरात घालावा किंवा त्यावर ठिगळ द्यावे.

इरकलीच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. तिचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो. दोन्हींचे ताणे निराळे असून ते फासे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. आजीने वापरलेली लुगडी इतक्यांदा धुतलेली असतात की सुती अंग आता आणखी आटणार नाही, परंतु पदराचे रेशीम ठिसूळ झालेले असू शकते आणि ते नेमके त्या जोडावर तुटते. म्हणून पदर जोडापासून वेगळा काढावा, त्याच्या मागे मऊ सुती कापड टाचावे आणि वाकळीच्या मध्यभागी, जिथे पाय घासले जात नाहीत, तिथे तो बसवावा. काठांच्या पट्ट्या चारही बाजूंना लावल्या की कडा दीर्घकाळ टिकते, कारण लुगड्यात सगळ्यांत घट्ट विणलेला भाग काठाचाच असतो.

टाक्यांच्या दिशेबद्दल दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आत कापूस किंवा तयार फायबरचा थर असेल, तर मध्यापासून कडेकडे जावे, म्हणजे फुगवटा बाहेर निघून जातो. आपल्याकडच्या बायका मात्र कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने चौकटीत फिरत आत जातात, आणि नुसत्या लुगड्यांच्या वाकळीला तेच सोयीचे पडते: कडा आधी पक्क्या होतात, आणि मांडीवर घेऊन शिवताना सुटे थर सरकत नाहीत. अट एकच, आधीचे टाचण नीट हवे. फरशी पुसून, कोरडी करून थर एकावर एक अंथरावेत, प्रत्येक थर हाताने मध्यापासून बाहेर सारवल्यासारखा फिरवून सपाट करावा, कोपऱ्यांवर पाट ठेवावेत आणि वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घालावेत. या कामाला दोघी जणी लागतात; एकटीने केले की हमखास एका बाजूला चुणी राहते.

धावदोरा बोटभर अंतराच्या ओळींनी घालावा आणि दोरा सुतीच घ्यावा. जीर्ण कापडापेक्षा दोरा बळकट असला, तर ताण आल्यावर दोरा तुटण्याऐवजी कापड फाटते, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. चार थरांतून सुई निघेना झाली की अनेक जणी दाभण घेतात. तसे करू नये, त्याची भोके जुन्या कापडात बुजत नाहीत. मोठ्या नाक्याची पण बारीक टोकाची सुई घ्यावी आणि बोटात अंगुस्तान घालावे.

प्रश्न : भाचीच्या बाळंतविड्यात कात्रणांची दुपटी आणि कुंची द्यायची आहे. काय पथ्य पाळावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नवी कात्रणे घेण्यापेक्षा घरातल्या धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरे घ्यावीत. छत्तीस इंची दुपट्याला सहा इंची ३६ चौकोन पुरतात. त्याहून बारीक तुकडे जोडू नयेत, कारण प्रत्येक शिवणीचा दोर बाळाच्या अंगाला टोचतो. मागची बाजू एकसंध ठेवावी. टिकल्या, मणी, लोंबत्या गोंड्या आणि बटणे पूर्ण वर्ज्य. कुंचीला आतून सलग अस्तर लावून सगळ्या शिवणी झाकाव्यात. जाड दुपटे अंथरायला द्यावे. झोपलेल्या तान्ह्या बाळावर ते पांघरू नये, हेही भाचीला सांगावे.

प्रश्न : लाल तुकड्यांचा रंग पांढऱ्यावर उतरेल अशी भीती वाटते. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले तर रंग पक्का होतो का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आजच्या सुती कापडावरचे रंग मिठाने किंवा व्हिनेगरने घरी पक्के होत नाहीत. ओला पांढरा रुमाल तुकड्यावर जोरात घासून पाहावा. रुमाल रंगला तर तुकडा कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावा आणि पाणी नितळ येईपर्यंत थांबावे. तरीही रंग सुटत राहिला, तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावण्याचा हट्ट सोडावा.

प्रश्न : घटस्थापनेआधी घरातल्या वाकळी पंचगंगेवर नेऊन धुण्याची आमच्याकडे पद्धत आहे. आता सासूबाईंना तेवढे होत नाही. मशीनमध्ये धुतल्या तर चालतील का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : चालतील, आणि साबणाचे पाणी नदीत जाणार नाही हाही फायदाच. मशीनवर लिहिलेले किलोचे आकडे कोरड्या कपड्यांचे असतात. चार थरांची पातळ वाकळ साधारण दोन किलोंची भरते, तेव्हा सहा-सात किलोंच्या मशीनमध्ये ती एकटी आरामात फिरते. सहा-आठ थरांची, ठिगळांवर ठिगळे असलेली वाकळ मात्र पाणी पिऊन इतकी जड होते की पिळताना मशीन हादरते. तशी वाकळ मोठ्या टबात रात्रभर भिजवून, पायाने तुडवून धुवावी. मशीनमध्ये घालण्याआधी सुटलेले टाके घालून घ्यावेत, नाहीतर उसवलेले ठिगळ आत अडकून फाटते. पिळण्याचा वेग कमीत कमी ठेवावा.

ओली वाकळ एका दोरीवर टाकल्यास सगळा भार एका रेषेवर येऊन जुने टाके तुटतात, म्हणून दोन-तीन समांतर दोऱ्यांवर ती झोळीसारखी पसरावी आणि दुपारी एकदा उलटावी. भाद्रपदात आपल्याकडे मध्येच सर येते. बाहेरून कोरडी लागली तरी आतले थर दमट असतात, आणि तशीच घडी करून कपाटात ठेवली तर आठवड्यात कुबट वास येऊन काळे ठिपके पडतात. वाळवायला दोन सलग कडक उन्हाचे दिवस मिळत नसतील, तर सगळ्या एकदम भिजवू नयेत, एका वेळी एकच काढावी.