एकाच पैठणीच्या पानाला अनेक यूआरएल (वेब पत्ते) झाले आहेत. कॅनॉनिकल टॅग लावावा की रोबॉट्स फाइलमधून ती पाने बंद करावीत?

आपल्या साड्यांच्या संकेतस्थळावर एकच पैठणी रंगाच्या फिल्टरमधून, किमतीच्या क्रमवारीतून आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यूटीएम लिंकमधून (ग्राहक कुठून आला हे कळावे म्हणून शेवटी खुणा जोडलेल्या लिंकमधून) वेगवेगळ्या यूआरएलवर उघडते, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. कॅनॉनिकल टॅग, म्हणजे अनेक यूआरएलपैकी मुख्य कोणता हे गूगलला सांगणारी पानाच्या कोडमधली ओळ, लावावा आणि ती पाने रोबॉट्स फाइलमधून, म्हणजे क्रॉलरने कोणती पाने उघडू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमधून, मुळीच बंद करू नयेत, असे माझे मत आहे. दोन्ही उपाय एकदम केले तर टॅग वाया जातो, कारण ज्या पानावर गूगलच्या क्रॉलरला (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) मज्जाव आहे, त्या पानातला टॅग तो वाचणार कसा? दुहेरी मजकुराबद्दल गूगल दंड करते, ही भीतीही अनाठायी आहे; फसवणुकीचा हेतू नसेल तर तसे होत नाही. फार तर नको तो यूआरएल शोधनिकालात दिसतो आणि क्रॉलरचा वेळ निरर्थक पानांवर खर्च होतो.

हा टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी 2009 मध्ये मिळून जाहीर केला. गूगल तेव्हापासून त्याला आज्ञा न मानता सूचना मानत आले आहे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. टॅगमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला यूआरएल, मेनूतल्या लिंकमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि साइटमॅपमध्ये (शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीत) जुना एचटीटीपीचा, अशी तीन तोंडे तीन दिशांना असतील, तर गूगल स्वतःच्या मनाने निवड करते. त्यामुळे या तिन्ही ठिकाणी एकच पूर्ण यूआरएल द्यावा आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा एचटीटीपीच्या जुन्या पत्त्यांना टॅगऐवजी सरळ 301 रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचे वळवणे) लावावा.

टॅग लावल्यावर पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, कारण थीम (संकेतस्थळाचा तयार साचा) एक टॅग घालते, एसईओचे (शोधनिकालांत वर येण्यासाठीचे) प्लगइन दुसरा घालते, आणि दोघांत मेळ नसेल तर गूगल दोन्हींकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता असते. टॅग हेडमध्येच, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागातच हवा. त्याच्या आधी एखादा डिव्ह किंवा आयफ्रेम (पानाच्या मुख्य भागात शोभणारे घटक) चुकून घुसला, तर हेड तिथेच संपले असे धरले जाते आणि दिसायला अगदी बिनचूक असलेला टॅग निकामी ठरतो. हा दोष शोधताना भलेभले थकतात.

यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवू नये, कारण त्या पानांवरच्या साड्या वेगळ्या असतात. मराठी आणि इंग्रजी पाने ही परस्परांच्या प्रती नव्हेत. त्यांच्यासाठी एचरेफलँग, म्हणजे पानाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या सांगणारा टॅग आहे.

काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमधील (संकेतस्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील) यूआरएल तपासणीत आपण घोषित केलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल ताडून पाहावेत. दोन्ही वेगळे निघाले, तर टॅगला हात लावण्याआधी संकेतस्थळावरच्या अंतर्गत लिंक तपासाव्यात; माझ्या अनुभवात दोष बहुधा तिथेच सापडतो.