केमोची बॅग आधी कुणाची भरायची?

प्रश्न: आमच्या डे-केअरमध्ये रोज साधारण 40 केमो बॅगा आणि इंजेक्शनं भरली जातात. ही औषधं सुरक्षितपणे भरण्याचं बंदिस्त कपाट, म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट, एकच. सकाळी दहा ते एक रुग्ण ताटकळतात आणि तीननंतर कॅबिनेट रिकामं असतं. नियोजनाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? – रुग्णालय फार्मासिस्ट, नाशिक

उत्तर: सॉफ्टवेअरचं नंतर बघा. आधी दोन आठवडे प्रत्येक डोसच्या चार वेळा टिपून ठेवा: डॉक्टरांचा होकार, काम हातात घेतलं, बॅग बाहेर आली, ड्रिप लागली. पहिल्या दोन वेळांत मोठं अंतर पडत असेल तर अडचण कॅबिनेटची. होकारच अकरा वाजता येत असेल तर ती रक्ताच्या रिपोर्टची. मग सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आदल्या दिवशी करून घ्या. दुसरं कॅबिनेट आणूनही ती अडचण सुटणार नाही.

त्यानंतर क्रम. ‘जो आधी आला त्याची बॅग आधी’ हा नियम इथे महागात पडतो. पॅक्लिटॅक्सेल या केमो औषधाची ड्रिप तीन तास चालते, म्हणून ती पहिल्या फेरीत घ्या. तिच्याआधी प्रीमेडिकेशनला (त्रास होऊ नये म्हणून आधी द्यायच्या औषधांना) अर्धा-पाऊण तास जातोच, त्या वेळात बॅग भरून होते.

बोर्टेझोमिब या औषधाचं त्वचेखालचं इंजेक्शन काही सेकंदांचं, त्यामुळे त्या रुग्णांना दुपारी एकत्र बोलवा. हिशेब पाहा: 1.3 मिग्रॅ प्रति चौ.मी. आणि शरीराचं क्षेत्रफळ 1.6 चौ.मी. धरलं तर डोस 2.08 मिग्रॅ. पाच रुग्ण वेगवेगळ्या दिवशी आले तर 3.5 मिग्रॅच्या पाच व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) उघडाव्या लागतात. एकाच दुपारी आले तर एकूण 10.4 मिग्रॅ, म्हणजे तीन व्हायल. मात्र विरघळवल्यावर आठ तासांच्या आत वापर व्हायला हवा आणि व्हायल कॅबिनेटबाहेर काढायची नाही. द्रावणाची तीव्रता त्वचेखाली देताना 2.5 मिग्रॅ/मिली, शिरेतून देताना 1 मिग्रॅ/मिली, म्हणून दोन्ही प्रकारचे रुग्ण एका व्हायलवर बसवू नका. इथली चूक थेट रुग्णाला भोवते.

होकाराआधी बॅग भरून ठेवावी का, हे औषधागणिक ठरवा. रद्द होण्याचं प्रमाण गुणिले वाया जाणाऱ्या औषधाची किंमत, हा आकडा काढा. शंभरात वीस रद्द होत असतील तर 300 रुपयांच्या औषधामागे सरासरी 60 रुपये बुडतात, 20,000 च्या औषधामागे 4,000. फ्लुरोयुरासिल स्वस्त आहे आणि टिकतंही, ते खुशाल आधी भरा; फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, खडे धरतात. ॲझासिटिडिन विरघळवलं की लवकर निकामी होतं, त्यामुळे रुग्ण खुर्चीत बसल्याशिवाय त्याला हात लावू नका.

कॅबिनेटचे सगळे तास वाटून टाकू नका. पाचवा हिस्सा मोकळा ठेवा, कारण भार पूर्ण क्षमतेजवळ गेला की एका उशिरानेही रांग झपाट्याने वाढते. चाळीस कामांचा क्रम साध्या एक्सेलमध्ये लावता येतो. रद्द झालेली बॅग दुसऱ्या रुग्णाला द्यायची असेल तर औषध, डोस, द्रावण आणि उरलेली मुदत हे चारही जुळायला हवेत, आणि नवं लेबल फार्मासिस्टनेच लावून दुसऱ्याकडून तपासून घ्यावं.