कोर्लईची बोली आणि तिथले चर्च

प्रश्न : रेवदंड्याजवळच्या कोर्लईचे ख्रिस्ती ग्रामस्थ घरात पोर्तुगीज बोलतात, हे खरे का?

उत्तर : ती पोर्तुगीज नव्हे, तर पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली असून तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. कुंडलिकेच्या मुखावरचा कोर्लई किल्ला 1594 मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी घेतला. 1740 मध्ये चौलचा प्रदेश मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. मागे उरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना गावातल्या माउंट कार्मेल चर्चने एकत्र धरून ठेवले, आणि माझ्या मते बोली टिकण्याचे श्रेय किल्ल्यापेक्षा या चर्चलाच अधिक जाते. किल्ल्यातल्या चर्चच्या आता छप्पर नसलेल्या भिंतीच शिल्लक आहेत. मासळीच्या पाटीवर गिऱ्हाइकाशी मात्र मराठीच चालते.