घरी करताना, दुसऱ्याला देताना : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत साबणाचेच प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून सुरुवात तिथून आणि सविस्तर. बाकीच्यांना जागेप्रमाणे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ५०० मिलि खोबरेल तेल, ९० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १८० मिलि पाणी घेऊन घरी साबण केला. सव्वा महिना वाळवला, तरी हाताला चुरचुरतो. वर पांढरी पूडही आली आहे. दिवाळीत नातेवाइकांना द्यायचा होता. टाकून द्यावा लागेल का? (चिपळूण)

उत्तर : टाकू नका, पण आत्ता कुणाला देऊही नका. कृतीत चूक एकच आहे : तेल मापाने घेतलं आणि कॉस्टिक वजनाने. खोबरेल तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ५०० मिलि तेलाचं वजन साधारण ४६० ग्रॅम भरतं. एक ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. म्हणजे तुमच्या तेलाला ८४ ग्रॅम पुरला असता. वरचा सहा ग्रॅम तेलाशिवाय तसाच राहिला आणि तोच हाताला चुरचुरतो आहे. साबणाच्या कामात वाटी, कप, मिलि हे शब्द विसरायचे. पाणीसुद्धा वजनानेच घ्यायचं. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

दुरुस्ती अशी : रबरी हातमोजे घालून सगळा साबण किसा. स्टीलच्या पातेल्यात कीस, ६० ग्रॅम खोबरेल तेल आणि १०० ग्रॅम पाणी घाला. ते पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर तास-दीड तास अधूनमधून ढवळत राहा. कीस विरघळून अर्धपारदर्शक, चिकट गोळा झाला की साच्यात दाबून भरा. दुसऱ्या दिवशी वड्या कापून दोन-तीन आठवडे वाळवा. ६० ग्रॅममधल्या निम्म्याहून जास्त तेलात उरलेला कॉस्टिक संपतो आणि बाकीचं तेल साबणात मोकळं राहतं. ते मोकळं राहायलाच हवं, त्यानेच त्वचा ओढल्यासारखी होत नाही. वड्या दिसायला ओबडधोबड होतील. नातेवाइकांना ते चालत नसेल तर घरात वापरा.

खात्री करायची असेल तर शाळांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून फिनॉल्फ्थेलिनची छोटी बाटली आणा. ओल्या वडीवर एक थेंब टाकला आणि गडद गुलाबी रंग आला, तर कॉस्टिक शिल्लक आहे. फिकट गुलाबी झाक चालते, कारण साबण मुळातच अल्कधर्मी असतो. जिभेला लावून पाहायची पद्धत सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

पांढरी पूड मात्र निरुपद्रवी आहे. वरच्या थरातल्या कॉस्टिकची हवेशी गाठ पडली की धुण्याच्या सोड्याचा पातळ थर धरतो. ओल्या फडक्याने पुसला की जातो. पुढच्या वेळी साचा पहिला दिवसभर झाकून ठेवा.

आणि पुढच्या वेळी नुसतं खोबरेल घेऊ नका. त्याचा साबण कडक होतो, फेस भरपूर देतो, पण त्वचा कोरडी करतो. ३०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल या मिश्रणाला ७७ ग्रॅम कॉस्टिक आणि १६० ग्रॅम पाणी पुरतं. यात पाच टक्के तेल मोकळं राहील असा हिशोब धरलेला आहे. कॉस्टिक पाण्यात थोडाथोडा टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. चष्मा हवा, खिडकी उघडी हवी, मुलं दुसऱ्या खोलीत. ॲल्युमिनियमचं भांडं, चमचा काहीही वापरू नका. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. दोन्ही मिश्रणं ४० अंशांच्या आसपास उतरली की कॉस्टिकचं पाणी तेलात ओता आणि हँड ब्लेंडर थांबत-थांबत फिरवा. चमच्याने धार सोडली आणि तिची रेघ क्षणभर वर राहिली, की साच्यात ओता. तोंड उघडं राहिलेल्या डब्यातला कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून ओला होतो. मग वजन काट्यावर बरोबर दिसतं आणि साबण तेलकट, मऊ होतो. म्हणून डबा दर वेळी घट्ट बंद करायचा.

कोकणात हे काम पावसाळा संपल्यावर करा. घरच्या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते दमट हवेत पाणी ओढतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या वडीला मग घाम फुटतो. कागदात गुंडाळा, वर तारीख आणि तेलांची नावं लिहा. भेट देण्यापुरतं ठीक आहे. विकायचा विचार आला तर अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीसेक बायका येतात. प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या लुटून कंटाळा आला आणि घेणारीच्या घरीही त्याचा ढीग होतो. घरी करता येईल असं वाण सुचवा. (ठाणे)

उत्तर : जे आठवडा-दोन आठवड्यांत संपून जातं ते वाण सर्वांत चांगलं. त्यातही तिळगूळ नको, तो त्या पंधरवड्यात सगळीकडून येतच असतो. आमचं मत मेतकुटाला.

एका किलोच्या घाण्याला हरभरा डाळ ५०० ग्रॅम, जुना तांदूळ २५० ग्रॅम, उडीद डाळ १२५ ग्रॅम, गहू ५० ग्रॅम, धणे २५ ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, सुंठपूड आणि हळद प्रत्येकी १० ग्रॅम, मोहरी, मेथी, मिरे आणि हिंग प्रत्येकी ५ ग्रॅम आणि अर्धं जायफळ. माणशी ५० ग्रॅम धरलं तर चाळीसजणींना दोन किलो हवं. भाजताना आणि दळताना घट येते, म्हणून दुपटीऐवजी अडीचपट जिन्नस घ्या.

डाळी धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर भाजा. हरभरा डाळीला मोठी आच लागली की ती बाहेरून तांबूस होते आणि आत कच्ची राहते. मग मेतकूट खाताना घशाशी कच्चट वास येतो. दाणा दाताखाली सहज फुटायला हवा, ही खूण. मेथी सर्वांत शेवटी, गॅस बंद करून, तापलेल्या कढईतच परतायची. ती जळली की सगळा घाणा कडू होतो आणि त्यावर उपाय नाही. हळद, हिंग आणि सुंठ भाजायची गरज नाही. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं. ते परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय भरलं तर पाकिटात वाफ धरून गुठळ्या होतात. घाईत बहुतेकांचं इथंच बिघडतं.

आत बटर पेपर, बाहेर कागदी पाकीट पुरे. कागदात सुगंध फार दिवस टिकत नाही, म्हणून पाकिटावर ‘घरी नेऊन डब्यात काढा’ असं लिहा. शिवाय तारीख आणि जिन्नसही लिहा, कुणाला गहू चालत नाही, कुणाला मोहरी. नव्या संसारातल्या मुलींसाठी ‘मऊ भात-तूप किंवा दह्यात कालवून’ एवढी ओळ असू द्या.

प्रश्न : संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायो-एन्झाइम करून फरशी पुसते. वास छान येतो, पण शहाबादी फरशी पांढुरकी आणि खरखरीत झाली. प्रमाण चुकलं का? (सोलापूर)

उत्तर : प्रमाण बरोबर असेल, फरशी चुकली. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. बायो-एन्झाइम आंबट असतं आणि कुठलंही आम्ल चुन्याला खातं. व्हिनेगर आणि लिंबूही त्यातच आले. गेलेली चमक पुसून परत येत नाही, पॉलिशच करून घ्यावं लागतं. या फरश्यांना साधं पाणी आणि त्यात थोडं सौम्य साबणाचं पाणी पुरे. ग्रॅनाइट आणि ग्लेझ टाइल्सना पातळ केलेलं एन्झाइम चालतं.

इतर वाचकांसाठी प्रमाण : गूळ १०० ग्रॅम, साली ३०० ग्रॅम, पाणी १ लिटर आणि बाटली निदान दोन लिटरची, प्लॅस्टिकची. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा, एरवी बाटली फुगते. काचेची असेल तर फुटते. तीन महिन्यांनी गाळा. आणि हे पाणी ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटच्या द्रावणात कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन सुटतो, तोही न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत.

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचं नातवासाठी दुपटं शिवलं. पहिल्याच धुण्यात ते चुणलं आणि टाक्यांपाशी कापड फाटलं. (गडहिंग्लज)

उत्तर : चुणण्याचं कारण बहुधा थर. वरचं कापड सुती आणि आतलं टेरिकॉट असेल, किंवा एक थर जुना आणि एक कोरा, तर धुतल्यावर एक आटतो आणि दुसरा आटत नाही. सगळे थर एकाच जातीचे, वापरून मऊ झालेले घ्या. शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. फाटण्याचं कारण दोरा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला चिरतो. वाकळेला नेहमी जाड सुती दोराच घालावा.

नऊवारी साधारण आठ मीटर भरते. तिचे ९० सेंटिमीटरचे आठ-नऊ तुकडे होतात, म्हणजे चार-चार थरांची दोन दुपटी. जुनं लुगडं नेमकं कुठं विरलं आहे ते उजेडात धरून पाहा. विरलेला भाग आत घाला, धडका भाग वर आणि खाली. थर जमिनीवर अंथरून, हाताने सारखे करून वितीवितीच्या अंतराने कच्चा दोरा घाला. मग पक्के टाके. धावदोऱ्याच्या ओळींत एक ते दीड सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून लांब ठेवलं की आतले थर सरकतात. गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा. लोंबणारा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, तो नीट कापा. आरसे, मणी काही नको. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायला हे उत्तम, झोपेत अंगावर घालायला नको.

उरलेली धडकी लुगडी बोहारणीकडे जायच्या आधी एकदा बाळंतघर शोधा. तिथं मऊ सुती कापडाला नेहमी मागणी असते.

प्रश्न : घरी बारसं आहे, साठ पानं. उरलेलं अन्न वस्तीत द्यायची इच्छा आहे. किती वेळ चालतं? (नाशिक)

उत्तर : शिजवून दोन तासांत खाणाऱ्याच्या हातात पडत असेल तर द्या. त्यासाठी पंगत बसण्याआधीच अंदाजाने भाग बाजूला काढा आणि कोण कधी नेणार ते आदल्या दिवशी पक्कं करा. पंगती उठल्यावर फोन करत बसलात तर चार तास सहज जातात. सर्वांत जोखमीचा भात. मोठ्या भगोण्यात तो मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि त्यात वाढलेल्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दह्याची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि बासुंदी देऊ नका. पोळ्या, सुकी भाजी, लाडू, जिलबी चालतं.

खरं तर द्यायचंच असेल तर वेगळा शिधा काढून द्या, उरण्यावर ते अवलंबून ठेवू नका. पाचजणांच्या घराला आठवडाभर पुरेल असा : ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ ७ किलो, तांदूळ ३ किलो, तूरडाळ दीड किलो, तेल १ लिटर, मीठ, तिखट, हळद. चहापूड आणि साखर देणारे हटकून विसरतात, आणि घेणाऱ्याला ती रोज सकाळी लागते.

प्रश्न : शेजारच्या काकू डबा भरून काही ना काही पाठवतात. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून दर वेळी तोडीस तोड काही करावं लागतं. आता दडपण येतं. (पुणे)

उत्तर : चिमूटभर साखर किंवा चार कढीलिंबाच्या काड्या घातल्या तरी डबा रिकामा राहत नाही. आणि डबा लगेच परत करा. महिनाभर ठेवला की तो परत करताना काहीतरी मोठं करावंसं वाटतं.

थोडक्यात

*साय घुसळून फेसच येतो, लोणी नाही (सातारा) :* तापमान चुकतं आहे. उन्हाळ्यात बर्फाचे खडे घाला, थंडीत वाटीभर कोमट पाणी. साय आधी विरजलेली हवी.

*रिठ्याचं पाणी चार दिवसांत आंबतं (नागपूर) :* आंबणारच, त्यात टिकवणारं काही नसतं. १०० ग्रॅम बिया काढलेले रिठे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून वीस मिनिटं उकळा, गाळा आणि लागेल तेवढं ठेवून बाकीचं गोठवा. रेशमी आणि लोकरी कपड्यांना उत्तम. पांढऱ्या कपड्यांना नको, पिवळट झाक येते.

*बिनतेलाच्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी येते (मडगाव) :* एक किलो लिंबांना २०० ते २५० ग्रॅम मीठ हवं. लिंबं एकेक पुसून कोरडी करा आणि फोडी नेहमी रसात बुडालेल्या राहतील असं पाहा, वर आलेल्या फोडीलाच बुरशी आधी धरते. धरलीच तर वरचा थर काढून बाकीचं कुणाला देऊ नका. बरणीच रिकामी करा.