मिसो सुपातला मासा

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. जपानमध्ये प्रवाशांना घरगुती स्वयंपाक शिकवणाऱ्या एका गृहिणीकडे वर्ग ठरवला आहे. मिसो सूप आम्हांला चालेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण असले, तरी सुपाचे मूळ पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते, म्हणून ‘मांस नको’ एवढे कळवून भागत नाही. कोम्बू या समुद्रशेवाळाची दाशी आधीच सांगून ठेवा. १ लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवतात आणि उकळी फुटण्याआधी काढतात. मिसो मात्र आच बंद करून विरघळवतात. आमटीसारखे खळखळ उकळले (ही सवय आवरणे आपल्याला जडच), तर त्याचा सुवास उडून जातो.