गणित की बीसीए: फी भरण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बीसीएला (कॉम्प्युटरच्या पदवीला) जागा मिळालीय, गणिताच्या बी.एस्सी.च्या यादीतही नाव आहे, शुक्रवारपर्यंत फी भरायचीय आणि घरात रोज तोच विषय. "स्कोप कशाला जास्त?" असं विचारलंस. हा प्रश्न बाजूला ठेव. यातलं काय नंतर एकटीने शिकता येणार नाही, ते बघ. ते आधी शिकायचं.

कोडिंग एकटीने शिकता येतं. कंस राहिला तर प्रोग्राम चालत नाही, कुठल्या ओळीत चुकलं तेही मशीनच सांगतं. सिद्धता लिहिताना कागद गप्प असतो. सिक्वेन्स म्हणजे आकड्यांची रांग, लिमिट म्हणजे ती ज्या आकड्याच्या जवळ जात राहते तो, एप्सिलॉन म्हणजे शून्याहून मोठं पण कितीही लहान अंतर, एन म्हणजे रांगेतला क्रमांक. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक एन सापडतो' आणि 'एक एन असा सापडतो की तो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो', ही वाक्यं पहिल्या वर्षाला सारखीच वाटतात. पहिल्यात लिमिटची व्याख्या आहे. दुसरं खरं असेल तर त्या एनपासून पुढे सिक्वेन्स हलतच नाही, प्रत्येक पद लिमिटएवढंच. शब्दांची जागा बदलली की अर्थच गेला. ही चूक आपली आपल्याला दिसत नाही. कुणीतरी लाल पेनाने गोल करून "हे कशावरून?" विचारावं लागतं, तेही आठवड्यामागून आठवडे. नोकरीत असं विचारायला कुणाला वेळ नसतो. उशिरा पाया घालायला बसलं की किती जड जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून आवाज चढतो.

काका म्हणतात ना, कॉम्प्युटर असताना गणित कशाला? मग १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज कॉम्प्युटरवर करून बघ. दहा लाख पदांनंतर साधारण १४.३९ येतात. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (मशीन दशांश आकडे ठेवतं तो प्रकार, त्यात मोजकेच अंक मावतात) करत राहिलीस तर वीस लाख पदांच्या थोडं पुढे आकडा १५.४०३७ च्या आसपास अडकतो. मग रात्रभर चालव, हलत नाही. एररही येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, उत्तर आलं. पण १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त, १/५ ते १/८ मिळूनही १/२ पेक्षा जास्त, पुढची आठ पदंही तशीच. असे अर्धे कधी संपत नाहीत, म्हणजे बेरीज कुठेच थांबत नाही. थांबतं ते मशीन. ८ ते १६ मधल्या दोन शेजारच्या फ्लोटमध्ये १/१०,४८,५७६ एवढं अंतर असतं. नवं पद त्याच्या निम्म्यावर आलं की राउंडिंगमध्ये गळून जातं. मशीन व्याकरण तपासतं, विचार तपासत नाही. तो तपासायची सवय आधी लावून घे, असं मी पुन्हा पुन्हा सांगतेय.

वाटा बंद होत नाहीत. गणितानंतर दोन वर्षांचं एमसीए (कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) करता येतं, त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, एनआयटींसाठी निमसेट आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढावा लागतो. उलट बीसीएवरून एम.एस्सी. गणिताकडे यायचं म्हटलं की पदवीला गणित किती होतं, इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते.

एक मात्र स्पष्ट सांगते. तीन वर्षांनी घरात तुझा पगार यायलाच हवा असेल, तर बीसीए घे आणि मन लावून कर. त्यात कमीपणा नाही. नुसत्या बी.एस्सी. गणितावर लगेच नोकरी मिळणं अवघड असतं. पण तुझ्या घरी तशी निकड नाही, तूच लिहिलंयस. मग "लोक काय म्हणतील" यात दिवस का घालवतेस?

गणित घेतलंस तर गाइडमधली सिद्धता पाठ करू नकोस. इथेच बहुतेकांची तीन वर्षं वाया जातात: गुण मिळतात, एम.एस्सी.च्या पहिल्या महिन्यात हात चालत नाही. आठवड्याला तीन सिद्धता, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर. अडलीस तर फक्त पुढची एक ओळ बघायची आणि परत मिटायचं. मायनर, म्हणजे जोडविषय, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर घे. रोज तासभर पायथॉन, त्याला कॉलेज लागत नाही. माधव गणित स्पर्धेला बस. एमटीटीएसच्या, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या, उन्हाळी शिबिराला अर्ज कर, ते १९९३ पासून चालू आहे.

आणि फी भरण्याआधी एक काम. √२ अपरिमेय आहे ही शाळेतली सिद्धता न बघता लिही. मग तीच, शब्द न शब्द, √४ ला लाव. √४ तर २ आहे, म्हणजे ती कुठेतरी मोडलीच पाहिजे. नेमकी कुठल्या ओळीला मोडते? तासभर लागला तरी चालेल, कुणाला विचारू नकोस. ती ओळ सापडली, किंवा तासाभरात नुसता कंटाळाच आला, काहीही झालं तरी गुरुवारी रात्री त्या कागदाचा फोटो पाठव. खाडाखोड असू दे, मला तीच बघायचीय.

तुझी,
मॅडम