अंगठा चालू दे आणि गा

प्रिय पोरी,

तुझं 'लुई कॉलिन्स'चं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. बोटं मस्त चालली आहेत आणि टॅबमधला, म्हणजे तारा आणि फ्रेट आकड्यांत लिहिलेल्या कागदावरचा, एकही सूर तू सोडलेला नाहीस. पण तू गायलीच नाहीस. मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकी ब्लूज गायक-गिटारवादकाचं गाणं न गाता नुसतं गिटारवर वाजवलं की त्यातला अर्धाअधिक जीव जातो, असं माझं ठाम मत आहे. का, ते जरा सविस्तर लिहितो. कंटाळू नकोस.

या माणसाने आपलं जवळजवळ सगळं वाजवणं स्टेजसाठी केलंच नाही. मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीमध्ये अ‍ॅव्हलॉन नावाची अगदी लहानशी वस्ती आहे, तिथे तो वाढला. घरी अधूनमधून एक पाहुणा मुक्कामाला यायचा, त्याच्याकडे गिटार होती. पाहुणा झोपला की नऊ-दहा वर्षांचा जॉन ती हळूच उचलायचा आणि आवाज होऊ न देता वाजवून बघायचा. पुढे आईने त्याला गिटार घेऊन दिली. दिवसभर शेतात राबायचं आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी नाचगाणं असलं की तिथे वाजवायचं, असं त्याचं आयुष्य. नाचणारी माणसं समोर, माइक नाही, साथीला बहुतेक कुणीच नाही. एका माणसाने एका गिटारीवर ठेकाही द्यायचा, चालही वाजवायची आणि वर गायचं. त्याची सगळी शैली या गरजेतून आली आहे.

आता तुझा अंगठा. ठेका धरायचं काम त्याचं, खालच्या सुरांच्या जाड तारांवर. सीच्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत) तो पाचव्या तारेवरून चौथीवर आणि पुन्हा पाचवीवर जातो. जीमध्ये सहावी आणि चौथी. चारही मात्रांवर अंगठा पडलाच पाहिजे, वर काहीही चाललेलं असो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वरच्या तारांवर अवघड जागा आली की अंगठा किंचित थबकतो, आणि सोपी जागा आली की घाईने पुढे पळतो. नाचणाऱ्याचा पाय तिथेच अडखळला असता. म्हणून काही दिवस बाकीची बोटं बाजूलाच ठेव. नुसता अंगठा, त्यावर गाणं. कॉर्ड बदलताना ठेका हलत नाही आणि ओळ म्हणताना श्वास तुटत नाही, इथवर आलीस की मगच तर्जनी आणि मधलं बोट आत घे. हर्टचं काम या दोन बोटांवर आणि अंगठ्यावर भागायचं. मेट्रोनोम (ठेका मोजणारं यंत्र) लाव, हरकत नाही, पण त्याच्या जोडीला पायाने जमिनीवर ठेका धर. पाय खोटं बोलत नाही.

गायला का सांगतोय, ते आता कळेल. हर्टची वरची बोटं जे वाजवतात ती बहुतेक वेळा गाण्याचीच चाल असते. ती अंगठ्याच्या मात्रेवर कधी बरोबर पडते, कधी दोन मात्रांच्या मधे. मधे नेमकी कुठे पडायची ते शब्द ठरवतात. तू टॅबवरून शिकतेस तेव्हा तुला आकडे दिसतात, ओळ दिसत नाही. त्यामुळे तुझे सगळे सूर सारख्याच वजनाचे वाजतात. ओळ तोंडात असती तर कुठल्या सुरावर जोर द्यायचा ते तुला कुणी सांगावं लागलं नसतं. काही गाण्यांत तर तो ओळ अर्ध्यावर सोडून देतो आणि उरलेली गिटारला म्हणू देतो. ऐकणाऱ्याला शब्द ऐकूच आल्यासारखे वाटतात. हे नुसत्या बोटांच्या सरावाने येत नाही, त्यासाठी ते गाणं आधी खूप वेळा गायलेलं असावं लागतं.

आणि हे गाणं कशाबद्दल आहे, ते बघ जरा. लुई कॉलिन्स नावाचा माणूस गोळीबारात मरतो, त्याची आई रडते, लोक त्याला दफनाला नेतात. एका खुनाची ही गोष्ट इतक्या हळुवार चालीत बांधली आहे की शब्द न ऐकणाऱ्याला ते अंगाईगीत वाटेल. हर्ट आवाज चढवत नाही, हुंदका काढत नाही. शेजारच्या घरी घडलेलं सांगावं तसं सांगतो आणि पुन्हा पुन्हा त्याला मातीआड केल्याच्या ओळीवर येऊन थांबतो. तू हे फार वेगात वाजवलं आहेस. वेग कमी कर, असं मी सांगणार नाही. त्या आईचं कडवं गाऊन बघ, वेग आपोआप उतरेल.

तसंच 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'. जॉन हेन्रीची दंतकथा तुला माहीत असेल. हातोडा घेऊन वाफेच्या यंत्राशी पैज लावणारा, जिंकणारा आणि जिंकताच कोसळून मरणारा कामगार. अमेरिकेत त्याच्यावर ढिगाने गाणी आहेत आणि बहुतेकांत तो वीर आहे. हर्टच्या गाण्यातला मजूर मात्र म्हणतो, हा हातोडा कॅप्टनला, म्हणजे मुकादमाला, नेऊन दे आणि सांग मी गेलो. याच हातोड्याने जॉन हेन्रीला मारलं, मला नाही मारणार. काही काळ रेल्वेच्या रुळांवर राबलेला माणूस हे गातोय, हे लक्षात ठेव. गिटार जवळजवळ पूर्ण वेळ जीवरच राहते, दुसऱ्या कॉर्डकडे वळायची तिला गरजच पडत नाही. माणूस चालत निघाला आहे आणि मागे वळून बघत नाही. मला त्याच्या सगळ्या गाण्यांत हे सर्वांत मोठं वाटतं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. विली नार्मर नावाचा एक गोरा फिडलवादक त्याच भागातला होता. त्याने शिफारस केली म्हणून 1928 च्या फेब्रुवारीत ओके या रेकॉर्ड कंपनीने हर्टला मेम्फिसला बोलावलं. मोठा थोरला हॉल आणि आत तीनच माणसं. माइक तोंडापर्यंत आणून ठेवला आणि सांगितलं, आता डोकं हलवायचं नाही. मान नंतर कित्येक दिवस दुखत होती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला पुन्हा रेकॉर्डिंग झालं. तिथे घरची आठवण येऊन त्याने 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' केलं, आपल्या गावाचं नाव घेऊन. नावामागे 'मिसिसिपी' हे बिरुद कंपनीने विक्रीसाठी लावलं. मग मंदी आली, आणि तो परत शेतावर गेला, दुसऱ्याच्या जमिनीवर राबायला. पस्तीस वर्षं त्याचं एकही नवं रेकॉर्ड निघालं नाही.

1952 मध्ये हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या रेकॉर्ड्समधून निवडून 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्यूझिक' काढली, तीत हर्टची दोन गाणी होती. तरुण पोरं ती ऐकून वेडी झाली, पण हा माणूस कोण, जिवंत आहे का, कुणाला पत्ता नव्हता. शेवटी 1963 मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा ब्लूजचा एक गोरा चाहता त्या 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज'मधल्या गावाच्या नावावरून थेट दारात जाऊन उभा राहिला. हर्टला आधी वाटलं हा सरकारी माणूस, पकडायला आलाय. वाटणारच. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच राज्यातल्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याचा खून झाला. अनोळखी गोरा माणूस दारात येणं ही काळ्या कुटुंबाला सुखाची गोष्ट नव्हती. हर्टच्या आवाजातला गोडवा ऐकून 'किती साधा, किती समाधानी म्हातारा' असं लिहिणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. तो गोडवा कुठल्या जमिनीवर, कुणाच्या राज्यात टिकवला ते बघ.

त्यानंतर न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव, वॉशिंग्टनमधले कॉफीहाउसचे कार्यक्रम, नवी रेकॉर्डं, आणि नोव्हेंबर 1966 मध्ये मृत्यू. जेमतेम तीन-साडेतीन वर्षं त्याला मिळाली. 'लव्हिन स्पूनफुल' या प्रसिद्ध बँडने आपलं नाव त्याच्या 'कॉफी ब्लूज'मधून घेतलं. अ‍ॅव्हलॉनचं त्याचं छोटं घर नातीने संग्रहालय म्हणून जपलं होतं, ते 2024 मध्ये आगीत जळालं. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं.

1928 ची आणि साठच्या दशकातली, दोन्ही रेकॉर्डिंग ऐक. बहुतेक जण जुन्यांनाच खरी मानतात. मी मानत नाही. पस्तिशीतला हर्ट चपळ आहे, नाच त्याच्या हातात आहे. सत्तरीतला हर्ट थांबतो, शब्दांना जागा देतो, अंगठा मात्र तसाच. तुला आत्ता दुसऱ्याची गरज जास्त आहे.

तू विचारलं होतंस की ही गाणी गायचा आपल्याला काय अधिकार. त्याची बरीचशी गाणी त्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली होती, आणि कुणाकडून ऐकलं ते तो सांगायचा. तूही सांग. गाण्याआधी त्याचं नाव घे, गावाचं नाव घे, गोष्ट कशाची आहे ते दोन वाक्यांत सांग. फक्त त्याचे उच्चार उचलू नकोस. मिसिसिपीच्या माणसासारखं बोलायचा प्रयत्न केलास तर ती नक्कल होईल आणि कानाला खुपेल. तुझ्या आवाजात, तुझ्या साध्या इंग्रजीत गा.

तुझा आवाज त्याच्यापेक्षा बराच उंच आहे, त्यामुळे त्याच्या सुरात गाताना खालचे सूर लागणार नाहीत. घाबरू नकोस. कॅपो (सूर चढवायला गिटारीच्या मानेवर लावायचा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावून बघ, नाहीतर चौथ्या. कॉर्डचे आकार सीचेच ठेव, अंगठ्याच्या तारा बदलू देऊ नकोस. तारा नव्या घातल्या असतील तर एक-दोन दिवस वाजवून थोड्या मऊ होऊ देत. इतक्या चकचकीत आवाजात हे गाणं बरं लागत नाही.

तुझा,
काका